शेजाऱ्याला ऐकू न जाणारं गाणं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सांस्कृतिक संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगीत : एक अनुभव' असं छापलेलं आहे. ते सचिवांनी आपल्या मनाने टाकलं. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. चौतीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजले आणि निवृत्तीनंतर आठ वर्षं या संस्थेचा सचिव म्हणून तुमच्या पाण्याच्या मोटरीचं बिल मोजलं. तरी आज मी ब्राझील देशातल्या एका संगीतकाराबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, काकाजी, फॅक्टरीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि ठाणा पेट्रोलपंपाच्या बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांना ब्राझीलचं काय? थोडा दम धरा. ही गोष्ट आपल्या बी इमारतीच्या जिन्यापर्यंत येणार आहे.

माझी मुलगी पणजीला असते. मी स्वतः १९८४ ते ८७ तिथल्या शाखेत होतो, त्यामुळे ते गाव मला नवं नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२३च्या जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, एक जॅझचा कार्यक्रम आहे, येता का?" जॅझ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातला क्लब आला. धूर, खलनायक, आणि हातात ग्लास घेतलेली हेलन. मी म्हटलं, या वयात कशाला. पण सौ. आधीच तयार होऊन बसली होती.

शंभरेक खुर्च्यांचं सभागृह. मंचावर सहा जण : पियानो, गिटार, माणसाच्या उंचीचं डबल बास, ड्रम, एक ट्रम्पेटवाला आणि एक गाणारी मुलगी. आंतोनियो कार्लोस जोबिम या संगीतकाराचा जन्मदिवस २५ जानेवारीला असतो, त्या निमित्ताने सगळी संध्याकाळ त्यांचीच गाणी. त्यांचा जन्म १९२७चा, रिओ दी जानेरो शहरातला. लोक त्यांना टॉम म्हणायचे.

सुरुवात झाली आणि मला वाटलं, माइक बंद पडला. मी जावयांच्या कानाशी लागून विचारलं, "आवाज का नाही येत?" ते म्हणाले, "बाबा, आवाज एवढाच आहे." ती मुलगी चक्क बोलल्यासारखी गात होती. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असताना आई कामं करता करता जशी गुणगुणते, तशी. ड्रमवाल्याच्या हातात काठ्या नव्हत्या, बारीक तारांचे कुंचे होते, आणि तो ते कातड्यावर नुसते फिरवत होता. सूप पाखडल्यासारखा आवाज. लग्नाच्या वरातीत ज्यांचे कान तयार झाले त्या माझ्यासारख्याला पहिली दहा मिनिटं काही कळलंच नाही. नंतर कान हळूहळू शांत झाले, आणि ऐकू यायला लागलं.

ही मुलगी गायची पोर्तुगीजमध्ये आणि मधे मधे कोंकणी-इंग्रजीत समजावून सांगायची. जे समजलं ते सांगतो. काही नंतर जावयांनी सांगितलं, काही मी घरी येऊन वाचून काढलं. बँकेची सवय, व्हाउचर तपासल्याशिवाय सही करत नाही.

ब्राझीलचं खरं मोठं संगीत म्हणजे सांबा. कार्निव्हलच्या मिरवणुकीत शेकडो ढोल-ताशे एकदम वाजतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीला रिओतल्या काही तरुण मंडळींनी हा सगळा सांबा एका गिटारीत कोंबला. अंगठा खालच्या तारेवर ढोलाचं काम करतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर ताशाचं. पाचशे माणसांची मिरवणूक एका खुर्चीवर बसलेल्या एका माणसाच्या हातात आली. या प्रकाराला नाव पडलं बोसा नोव्हा, म्हणजे नवी ढब. गिटारीवर ही ढब बसवणारे जुआंव जिल्बेर्तो, आणि तिच्यासाठी चाली बांधणारे जोबिम. १९५८ साली जोबिम यांची चाल आणि व्हिनिसियस दी मोराइस या कवीचे शब्द घेऊन जिल्बेर्तो यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली आणि तिथून ही ढब धरली जाते. हे कवी नोकरीने परराष्ट्र खात्यातले अधिकारी होते बरं का. म्हणजे सरकारी नोकरी आणि कविता एकत्र नांदू शकतात.

जोबिम यांचं मला भावलं ते त्यांचं साधं चरित्र. वास्तुशास्त्राचं शिक्षण सुरू केलं आणि सोडलं. लग्न लवकर झालं. घरभाडं भरण्यासाठी रात्र-रात्र बारमध्ये पियानो वाजवायचे. मग रेकॉर्ड कंपनीत नोकरी मिळाली. ज्यांना चाल सुचते पण लिहिता येत नाही अशा लोकांच्या चाली कागदावर उतरवून द्यायच्या. आमच्याकडे ज्याला क्लार्क म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. त्यांना पियानो शिकवणाऱ्यांपैकी एक कोलरॉयटर नावाचे जर्मन गृहस्थ. हिटलरच्या राजवटीमुळे ते ब्राझीलला आले होते. हेच कोलरॉयटर पुढे १९६५ ते १९६९ आपल्या दिल्लीत गोएथे इन्स्टिट्यूटच्या कामावर होते. जग किती लहान आहे पाहा.

जोबिम यांची एक चाल तिथे वाजवली, ती समजावून सांगावीशी वाटते. तिच्या नावाचा अर्थ 'एका सुराचा सांबा'. गाणारी बराच वेळ एकच सूर धरून बसते. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज जागेवर असतो आणि गवई त्याच्याभोवती हिंडतो. इथे उलटं. गवई जागेवर आणि खाली पियानो-गिटारीचे सूर एकामागून एक बदलत जातात. भंडारा रोड स्टेशनवर आपण उभ्या गाडीत बसलेलो असतो, शेजारची गाडी सुटते आणि आपल्याला वाटतं आपणच निघालो. तसं झालं मला. एकच सूर, पण दर वेळी वेगळा ऐकू आला. दुसऱ्या एका गाण्याचं नाव 'देसाफिनादो', म्हणजे बेसूर. या लोकांना गाता येत नाही, पुटपुटतात, असं टीकाकार म्हणायचे. म्हणून यांनी बेसूर माणसाचंच गाणं केलं. आणि चाल अशी अवघड की खरा बेसूर माणूस ते गाऊच शकणार नाही!

पुढचा इतिहास थोडक्यात. १९६२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या मंडळींचा कार्यक्रम झाला. १९६४ साली स्टॅन गेट्झ हे अमेरिकन सॅक्सोफोनवाले आणि जिल्बेर्तो यांची एकत्र रेकॉर्ड आली. तिच्यातलं इपानेमाच्या मुलीचं गाणं जगभर गेलं आणि त्या रेकॉर्डला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९६७मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी जोबिम यांच्याबरोबर रेकॉर्ड केली, तेव्हा ते म्हणाले होते म्हणे की घसा बसला होता तेव्हापासून मी एवढ्या हळू गायलो नव्हतो. जोबिम १९९४च्या डिसेंबरात गेले. आज रिओच्या मोठ्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. मंत्र्याचं नाही, संगीतकाराचं.

आता गोव्यात हे का, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. काजू आणि अननस, ही दोन्ही झाडं ब्राझीलहून पोर्तुगीज जहाजातून गोव्यात आली आणि त्यांची नावंसुद्धा तिकडचीच. ब्राझील १८२२ साली पोर्तुगालपासून सुटलं, गोवा १९६१ साली. जे जहाजातून रोपं घेऊन आले त्यांनीच गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवली, व्हायोलिन हातात दिलं. ती पोरं मोठी होऊन मुंबईला गेली. हल्दोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत, सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन करत. आपण ज्या गाण्यांवर लहानाचे मोठे झालो त्यांच्यामागचे कागद या माणसांनी लिहिलेले.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं तर मला फार नवल वाटलं. जन्म १९२७चा, जोबिम यांच्याच वर्षीचा. आणि १९५८ साली, तिकडे बोसा नोव्हाची पहिली रेकॉर्ड निघत होती तेव्हा, इकडे मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात गोन्साल्विस यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून आपले राग त्यात बसवून दाखवले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. आपण सगळे त्या गाण्यावर नाचलो. हे खरोखरचे माणूस होते हे मला सत्तरीत कळलं. त्यांच्या नावाचा विमानतळ नाही.

बोसा नोव्हाही आपल्याकडे येऊन गेली आहे, आपल्याला पत्ता नाही एवढंच. १९६६च्या 'पती पत्नी' या चित्रपटात राहुलदेव बर्मन यांनी आशाबाईंकडून त्या ढबीचं गाणं गाऊन घेतलं. घरी आल्यावर ते पुन्हा ऐकलं तर सौ. म्हणाली, "हे तर आपण रेडिओवर ऐकायचो!"

तर कार्यक्रम. मध्यंतरानंतर त्या मुलीने जे सांगितलं त्यासाठी मी आज उभा आहे.

ती म्हणाली, हे संगीत एवढं हळू का, माहीत आहे? कारण ते फ्लॅटमध्ये जन्मलं. रिओच्या कोपाकबाना भागात समुद्रासमोर उंच इमारती उठल्या होत्या. नारा लियांव नावाची एक शाळकरी मुलगी तिथे आईवडिलांबरोबर राहायची. संध्याकाळी तिच्या हॉलमध्ये पोरं गिटार घेऊन जमायची. भिंतीपलीकडे शेजारी. जोरात वाजवलं की तक्रार येणार. म्हणून, असं सांगतात, ही पोरं हळू वाजवायला, हळू गायला शिकली. आणि तो जिल्बेर्तो? नोकरी नाही, राहायला जागा नाही, म्हणून दूरच्या दियामान्तिना गावात बहिणीकडे जाऊन राहिला. दिवसभर न्हाणीघरात दार लावून गिटार वाजवायचा, कारण तिथे आवाज चांगला घुमायचा. नंतर घरी गेला तर वडिलांना वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मनोरुग्णांच्या दवाखान्यात तपासायला पाठवलं.

लोक हसले. मी नाही हसलो. मला आपल्या बी इमारतीचा जिना दिसला.

इथे बसलेल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. २००७ साल. मी सचिव. बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक अकरावीतला मुलगा होता. त्याचा मामा बँड पार्टीत होता, त्याच्याकडचं जुनं ट्रम्पेट तो घेऊन आला होता. रोज संध्याकाळी साडेसहाला सुरू. सुरुवातीला ते नुसतं हंबरायचं, हे कबूल केलं पाहिजे. माझ्याकडे तीन लेखी तक्रारी आल्या, चौथी तोंडी माझ्या स्वतःच्या घरातून. मी बँकेतला माणूस. मी त्या मुलाशी एक शब्द बोललो नाही, त्याच्या वडिलांना जिन्यात थांबवून विचारलं नाही. सरळ नोटीस टाइप केली. जावक क्रमांक टाकला, उपविधीचा उल्लेख केला, 'निवासी सदनिकेत कर्कश वाद्यवादन सात दिवसांत बंद न केल्यास', आणि एक प्रत सूचना फलकावर लावली. फलकावर लावायची काही गरज नव्हती.

सात दिवस लागले नाहीत. दुसऱ्याच दिवशी आवाज बंद. त्या पोट्ट्याचे वडील फॅक्टरीत होते, ड्यूटीवरून येताना माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, मामाले वापस देल्लं त्यानं." बस. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाले. मी रजिस्टरमध्ये 'तक्रार निकाली' असं लिहिलं. ते पान अजून आहे, या भाषणासाठी मी ते काढून पाहिलं. त्याच्या पुढच्याच पानावर गणेशोत्सवाचा जमाखर्च आहे. त्यात डीजेचं भाडं आहे. तीन रात्री त्या डीजेने आपल्या खिडक्यांच्या काचा हलवल्या होत्या. त्याची नोटीस मी कोणालाही दिली नाही. पावतीवर सही माझीच आहे.

पणजीच्या त्या सभागृहात शेवटच्या गाण्याआधी ट्रम्पेटवाल्याने पिशवीतून एक वस्तू काढली. डब्यासारखी, एका बाजूला निमुळती. ती त्याने ट्रम्पेटच्या तोंडात बसवली आणि वाजवलं. आवाज एकदम लहान झाला. लांबच्या शेतात कुणीतरी वाजवतंय, वाऱ्यावर थोडं इकडे येतंय, असा. कार्यक्रम संपल्यावर मी मंचाजवळ गेलो आणि त्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "अंकल, हे म्यूट." घरी सरावासाठी याचा वेगळा प्रकार मिळतो, तो लावला की बाजूच्या खोलीतही फार जात नाही. किंमत विचारली. आपल्या एका महिन्याच्या देखभाल खर्चापेक्षा कमी.

मी खुर्चीवर बसून राहिलो. जावयांना वाटलं मला बरं वाटत नाही. त्या मुलाला असं काही असतं हे माहीत नव्हतं, त्याच्या मामाला नसेल, मला तर नव्हतंच. पण मी नोटीस देण्याआधी कोणाला विचारलंही नव्हतं. पणजीच्या शाखेत आमचे हेड कॅशियर रविवारी लग्नांमध्ये डबल बास वाजवायचे. तीन वर्षं शेजारच्या काउंटरला होते. कितीदा बोलावलं, मी एकदाही गेलो नाही. २००७ साली त्यांना एक फोन केला असता तरी काम झालं असतं.

परत आल्यावर मी त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. ते आता निवृत्त आहेत, आज इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि हे सगळं त्यांच्या परवानगीने सांगतो आहे. या वेळी चहा घेतला आम्ही. मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, पोरगं इंजिनीअर झालं, तुमच्या नोटिशीनंच झालं समजा." मोठ्या मनाचा माणूस. पण मला ते पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही पूर्ण पटलेलं नसावं, कारण लगेच त्यांनी मुलाला पुण्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

मुलगा आता तेहतिशीचा आहे. मी सगळं सांगितलं, ब्राझीलपासून न्हाणीघरापर्यंत. तो खूप हसला. म्हणाला, "काकाजी, मलाही कोणी दियामान्तिनाला पाठवायला पाहिजे होतं." मग थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तेव्हा मी एक गाणं बसवत होतो, अर्ध्यावर आलं होतं. कोणतं ते मी विचारलं. त्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, दिवाळीत मंडईला येईन तेव्हा पाहू. मामाचं ट्रम्पेट अजून आहे. मामा आता वाजवत नाहीत.

आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे असं गाणं लागतं, त्यात काही वाईट नाही. दंडार हळू आवाजात होणार नाही. आपली माणसं मोकळ्या मैदानात राहत होती, गाणंही मैदानाचं होतं. पण आता आपण पंचवीस वर्षांपासून भिंतीला भिंत लावून राहतो आहोत. ए आणि बी मिळून आजघडीला माझ्या मोजणीप्रमाणे तबला शिकणाऱ्या दोन मुली, गिटारवाला एक, आणि कीबोर्ड तर चार घरांत आहेत. सगळे दार-खिडक्या लावून, आईच्या ओरड्याखाली वाजवतात. गेल्या वर्षभरात त्यांच्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या आहेत, हे मला विद्यमान सचिवांनी खासगीत सांगितलं. त्यांनी अजून नोटीस टाइप केलेली नाही.

म्हणून माझी सूचना मी लेखी दिली आहे. पंप हाउसवरची खोली, जिथे सध्या गणपतीचं डेकोरेशन, मोडक्या खुर्च्या आणि माझ्या काळातल्या फाइली आहेत, ती रिकामी करून संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मुलांना सरावासाठी द्यावी. दाराला जाड पडदा, खिडकीला दुहेरी काच. खर्चाचा अंदाज जोडला आहे. पहिली रक्कम मी भरतो, पावती रीतसर घेईन. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर सहा क्रमांकाला आहे. मागच्या वेळी सहाव्या विषयापर्यंत गणपूर्ती राहिली नव्हती, तेव्हा कृपा करून शेवटपर्यंत थांबा.

आणि ते म्यूट मी पणजीहून घेऊन आलो आहे. माझ्या कपाटात, पासबुकांच्या शेजारी ठेवलं आहे. मंडईपर्यंत तिथेच राहील.